मानसिंगरावांनी भरलेली हवा

एकाहत्तरच्या श्रावणात पासलीच्या बनाबाई एसटीने मार्गासनीला, माझ्या सायकलच्या दुकानात, एक बंदूक घेऊन आल्या. सोबत मुलगा जगन. बंदूक छऱ्याची, दांडा मारून हवा भरायची, इंग्रजांच्या वेळची. लाकडाला कीड नाही, लोखंडाला गंज नाही. माझ्या दुकानातल्या नव्या सायकलींना ते जमलं नव्हतं.

मी विचारलं, "हिला काय झालंय?"

"हिला कायबी न्हाई," बनाबाई म्हणाल्या. "आत हवा हाय का तेवढं बगा."

हवा त्यांच्या मालकांनी, मानसिंगरावांनी, भरलेली. नऊ वर्षांपूर्वी. काकडीवर वानरं आली म्हणून त्यांनी दांड्याचे चांगले दहा हात मारले, तेवढ्यात छातीत कळ आली आणि गेले. बंदूक उडायची राहिली. तेव्हापासून ती खुंटीला, आणि दांड्याला हात लावायला घरात बंदी.

"आये, नऊ वर्सं हवा ऱ्हाती व्हय?" जगन म्हणाला. "सायकलीची आठ दिस ऱ्हात न्हाई. वानरं पार चुलीपतुर आल्यात, आन आमी बंदुकीला हळदकुकू लावतोय."

"मिस्त्री न्हाई म्हनले, तर घे आन मार वानरं. पर हवा असली तर हात लावायचा न्हाई."

म्हणजे निकाल माझ्या गळ्यात. चाप ओढला तर लगेच कळलं असतं, पण कळेपर्यंत हवा संपली असती. मी पंक्चरवाला, मला एकच तपासणी येते. गुरांच्या डोणीत बंदूक बुडवली. आम्ही तिघं वाकून बघत बसलो. पाणी प्यायला आलेली म्हैसही बघायला लागली.

बुडबुडा नाही.

"गळत न्हाई," बनाबाई म्हणाल्या.

"गळायला हाय काय आत?" जगन म्हणाला.

दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत.

इतक्यात एक बुडबुडा वर आला. बनाबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला. मी म्हटलं, मावशी, हा नळीत अडकलेला साधा वाराही असेल. त्यांना ते आवडलं नाही.

शेवटी मला सुचलं. "एक हात मारून बघा. मोकळी असली तर दांडा अलगद मिटेल. भरलेली असली तर मिटू देणार नाही."

"त्यांच्यात माजी मिसळंल की."

"मिसळू दे की आये," जगन म्हणाला. "लगीन झालंय तुमचं."

मी पंपाच्या वायसरला तेल सोडलं आणि दांडा उघडून दिला. बनाबाईंनी रेटला. अर्ध्यात अडला. गुडघा लावून रेटला, तर दांड्याने त्यांचा हात सावकाश मागे ढकलला. मग जगनने जोर लावला. त्यालाही ढकललं.

"व्हय, तेच हायत," बनाबाई म्हणाल्या. "म्या काय बी म्हनलं की असंच आडून बसायचे."

त्यांनी बंदूक पुसून धडप्यात गुंडाळली आणि एसटीच्या थांब्याकडे निघाल्या.

जगन मागे राहिला. मग हळूच म्हणाला, "मिस्त्री, जुन्या ट्यूबची एक बेचकी करून द्याल का?"