नवमीचं मडगार्ड

हॉर्न ऐकून ओळखलं ना? हो, मीच. वरवट बकालच्या हिंमतरावांची मोटार. वरवटच्या लोकांना नांदुऱ्याची आगगाडी गाठून देणारी. लोक मला सर्व्हिस मोटार म्हणतात, हिंमतरावांची आई झुंबरबाई मला 'बाई' म्हणते, आणि चढावर मला दम लागला की उतारू जे म्हणतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

माझं यंत्र सातासमुद्रापलीकडून आलं, पण अंग इथलंच. अकोल्याच्या सुतारांनी सागाच्या फळ्या ठोकून मला घडवलं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा माझ्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बांधली होती. काय खोकले मी त्या काळात! तरी फेरी चुकवली नाही, कारण ड्रायव्हर उत्तमराव होता. चढ आला की तो हळूच म्हणायचा, "चाल वं बाई, आता उतारच हाय." खोटं बोलायचा मेला, पण मी चालायची.

माणसांचं मला नवल वाटतं. जागा नाही म्हटलं की म्हणतात, "आमी काय बसाले आलो? उभे राहू." आणि आत आले की आधी बसतात. पण त्या सगळ्यांचा जीव उत्तमरावच्या हातात आहे, हे त्यांना ठाऊक असायचं. त्याच्या हातून कधी कोंबडीसुद्धा चिरडली नव्हती.

आणि नवरात्रात ते घडलं.

नांदुऱ्याहून परत येत होतो. पूर्णा नदीच्या अलीकडे एका बाईला उतरायचं होतं, म्हणून उत्तमरावनं मला कडेला उभं केलं. तेवढ्यात मागून सरकीच्या पोत्यांनी भरलेला एक हिरवा ट्रक आला. मला ओलांडताना त्यानं घाई केली, लवकर आत वळला, आणि त्याचा लोखंडी कठडा माझ्या उजव्या मडगार्डात अडकला. चाकावरचा तो पत्रा त्यानं मागून धरला आणि फरफटत पुढं ओढला. मडगार्ड वाकून दिव्यावर आलं, दिवा फुटला. उतारूंना खरचटलं नाही, पण मी किती तरी वेळ थरथरत होते.

ट्रक थोडा पुढं जाऊन थांबला, आणि तेच नडलं. त्याच्या ड्रायव्हरनं ठाण्यावर सांगितलं, "मी उभा होतो, ह्यानंच मागून येऊन मले ठोकलं." पुढं ट्रक, मागं मी. बघणाऱ्याला तेच खरं वाटावं! आमच्या उतारूंनी साक्ष दिली, तर फौजदार म्हणाला, "गाववालेच ना तुम्ही? त्याचीच बाजू घेणार."

चूक उत्तमरावची ठरली तर त्याचं लायसन जाणार होतं. स्टिअरिंगशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याची बायको गीताबाई मला पुसायला यायची आणि पुसता पुसता रडायची.

मोटारींचा विमा काढण्याचा कायदा नुकताच आला होता. कंपनीचा साहेब येऊन मला तपासणार आणि त्याचं म्हणणं फौजदार मानणार, असं ठरलं. हिंमतराव त्याला आणायला अकोल्याला निघाले. जाताना सगळ्यांना बजावलं, "साहेब येईस्तोवर मोटारीले कोनी हात नका लावजा. मडगाड पुढं वळलं हाय. मागून मार बसल्याबिगर तसं वळत नाही. साहेबानं हे डोयानं पाह्यलं का उत्तम सुटला."

माझं दुखणं हीच उत्तमरावची साक्ष होती. मी ते जपून उभी राहिले.

पण मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी घरात विळा, वखर, कुऱ्हाड, सगळ्यांची पूजा असते, आणि दरसाल माझीही. झुंबरबाई ताट घेऊन आली, माझ्या फुटक्या दिव्याकडे बघितलं आणि जागच्या जागी थबकली.

"अवो माय! भंगलेलं कसं पुजू? भंगलेलं पुजलं त घरावर काय येईन! अन् तुले पुजलं नाही त तू रुसशीन."

मी नसते हो रुसले! पण माझा हॉर्न कुणी दाबल्याशिवाय वाजत नाही.

उत्तमराव ठाण्यावर गेला होता. गीताबाई भीत भीत म्हणाली, "माय, मालकानं हात लावू नका म्हटलं होतं."

"मी कुठं लावून राह्यली वं? लोहार लावंन."

लोहार आला. त्यानं मडगार्ड आणि फुटका दिवा काढला, नवा पत्रा ठोकून बसवला, काळा रंगही दिला. झुंबरबाईनं हळदकुंकू लावलं, दिव्याच्या रिकाम्या जागेवर झेंडूची माळ घातली, लिंबू बांधलं. जुनं मडगार्ड तिनं लाल फडक्यात गुंडाळून कुठंतरी नेलं. मी नटूनथटून उभी होते आणि आतून पार खचले होते.

दसरा झाला आणि हिंमतराव साहेबाला घेऊन आले. अनंतराव त्यांचं नाव, नागपूरकडचा, मितभाषी माणूस. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "अपघात झालेली गाडी कुठली?"

हिंमतरावांचा चेहरा उतरला.

"अहो, तुम्ही पुरावाच नाहीसा केलात," अनंतराव म्हणाले. "लपवण्यासारखं होतं म्हणून घाई केली, असंच फौजदार म्हणतील. जुना पत्रा कुठे आहे?"

"मोठ्या मायनं नेला जी," लोहार पुटपुटला.

झुंबरबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "पिंपळाखाली ठेवला."

आता मला समजलं. मारुतीच्या पाराजवळच्या पिंपळाखाली गावातले तडकलेले देव, फुटक्या तसबिरी, मोडक्या समया ठेवतात. कुंकू लागलेलं भंगारात टाकायचं नाही आणि पिंपळाला दिलेलं परत आणायचं नाही, अशी रीत. झुंबरबाईच्या धाकट्या दिरानं एकदा तिथली समई घरी आणली होती. पुढची नवमी त्यानं पाहिली नाही. तापानं गेला, पण गाव म्हणतं पिंपळानं नेला.

हँडल फिरवून मला सुरू केलं आणि सगळे माझ्यातच बसून पारापाशी आले. झुंबरबाई मात्र पायी आली. दरसाल मला पुजायची, पण माझ्यात बसायची तिला भीती वाटायची.

लाल फडकं तिथंच होतं. अनंतराव म्हणाले, "हे ठाण्यावर न्यावं लागेल. फौजदारांसमोर गाडीला लावून दाखवतो." पण उचलायला कोण धजणार? लोहार मागं सरकला. हिंमतराव पुढं झाले, तशी झुंबरबाई ओरडली, "हिंमत, खबरदार!"

तेव्हा उत्तमराव म्हणाला, "राहू द्या माय. तुमच्या घरावर काई आलं त ते लायसन घेऊन मी काय करू?"

ते ऐकून म्हातारी पुढं आली. तिनं गीताबाईकडे पाहिलं, मग पिंपळाकडे.

"सरका बे सगळे," ती म्हणाली. "मीच ठेवलं, मीच उचलीन." तिनं हात जोडले. "देवा, काई घ्याचंच असंन त माह्यं घे. ह्या लेकराईकडे नको पाहू."

तिनं ते मडगार्ड उचललं, पदराखाली छातीशी धरलं आणि सरळ माझ्यात येऊन बसली. उत्तमरावनं मला इतकं हळू कधी चालवलं नव्हतं.

ठाण्यावर अनंतरावांनी जुना पत्रा माझ्या अंगाला लावून दाखवला. पुढं वळलेला. मागच्या कडेला आतून हिरवा रंग घासलेला. फौजदार वाकून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ट्रकवाल्याला बोलवा रे!" गीताबाईनं झुंबरबाईचे पाय धरले. झुंबरबाई नुसती म्हणत होती, "झालं, झालं."

विम्यानं माझा दिवा नवा केला, पण मडगार्ड लोहाराचंच राहू द्या, असं झुंबरबाईनं सांगितलं. ते वर्ष तिनं कसं काढलं ते मला माहीत आहे. हिंमतरावांना शिंक आली तरी ती दचकायची. उत्तमरावला फेरीवरून यायला उशीर झाला की वेशीवर येऊन उभी राहायची. तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

मग पुढची नवमी आली. घरात सगळे जण धडधाकट. तिनं माझ्या मडगार्डाला कुंकू लावलं, आणि त्यालाच कपाळ टेकून ढसाढसा रडली. "निघालं वं बाई वर्ष! निघालं!"

आता मी म्हातारी झाले. लोहाराचं मडगार्ड गावभर खडखडतं, त्याच आवाजानं पोरं मला ओळखतात. उद्या मला मोडीत काढाल, तेव्हा एवढं ऐका. हे मडगार्ड त्या पिंपळाखालीच ठेवा. पण बाप्पांनो, कधी कुणाला त्याची गरज लागली तर खुशाल उचला. वर्षभर जीव मुठीत धरून बसू नका. माझी कुणाला बाधा नाही.