तेलाचा काटा

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलात आनंदा मेस्तरीच्या कानाचं भारी कौतुक. चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आत काय मेलंय ते सांगून मोकळं व्हायचं. दुसरं कौतुक त्याच्या हाताचं. त्यानं बांधलेलं इंजीन म्हणे थेंबभर तेल गाळत नाही. कसं गाळेल? चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, बसवताना बाकीचे मेस्तरी गळती रोखणाऱ्या लाल सिलिकॉनची बारीक रेघ ओढतात आणि हा पठ्ठ्या बोट भरभरून थापतो. कुणी टोकलं तर म्हणायचा, "गळायला आपण काय नळ बसवतो?"

त्या सकाळी दयारामकाका परेशशेठची जुनी दहाचाकी घेऊन आले. काका जवळच्याच नेरे गावचे. ती गाडी नवी कोरी आल्यापासून त्यांच्याच हातात. ऑइल प्रेशरचा काटा पडत होता.

"आनंदा, गाडी उभी असताना काटा बरा राहतो रे," काका म्हणाले. "घाटात रेस दिली का खाली पडतो. एकदा बाहेरून प्रेशरचं गेज लावून बघतोस का?"

झालं! आनंदाच्या कानापुढं गेज? तेही गोदूच्या चहाच्या टपरीसमोर, सगळे ड्रायव्हर ग्लास हातात धरून उभे असताना? बेअरिंग झिजलं की नेमकं उलटं होतं. तापलेलं इंजीन उभ्या उभ्या प्रेशर सोडतं आणि रेस दिली की काटा चढतो. हे आनंदाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्क्रूड्रायव्हर टेकवून रेस दिली, आत ठकठक ऐकू आली आणि गडी सुटला.

"बेअरिंग खाल्लीत, बेअरिंग! काका, तेल न बघता गाडी हाकली तुमी. डोळ्यांना दिसत नाय तर स्टेअरिंग कशाला धरता?"

माणसं हसली. एकानं "काका, आता नातवंडं सांभाळा" अशी पुस्ती जोडली. परेशशेठ तिथंच होता. त्यानं हात पुढं केला आणि काकांनी खिशातली चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. आनंदानं ते पाहिलं. तेव्हा त्याला काही म्हणजे काही वाटलं नाही, हे पुढं त्याला जास्त लागलं.

दुपारी त्यानं चेंबर उतरवलं. बेअरिंगच्या कॅप खोलल्या, बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, ओरखडा नाही. मग नजर गेली तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाच्या जाळीवर. जाळी लाल चिंध्यांनी गच्च भरली होती. त्यानं एक चिंधी ओढून काढली. रबरासारखी लवचीक. सिलिकॉन!

चेंबरचं पॅकिंग गणपतीच्या आधी बदललं होतं, ते यानंच. थापलेलं जास्तीचं सिलिकॉन आत फुगून सुटलं आणि पंपानं ओढून ओढून जाळीवर आणून बसवलं. रेस दिली की पंप जास्त तेल मागणार आणि चोंदलेल्या जाळीतून ते येणार कुठून? काका बिचारे हेच सांगत होते. ठकठक होती ती तेलाविना तडफडणाऱ्या इंजिनाची. ट्रकखाली एकटा आडवा असूनही आनंदाची कानशिलं तापली.

पहिला विचार मनात आला तोही लाजिरवाणाच. बेअरिंग बदलून टाक, कोण बघतंय? तेवढं मात्र त्यानं केलं नाही. जाळी धुतली, चेंबर चढवलं, या वेळी गेजही लावलं. काटा टुणकन वर. रेस दिली, आणखी वर. मग शेठला फोन लावला.

"बेअरिंग ठीक हायत शेठ. जाळी चोंदली होती."

"अरे वा! म्हणजे म्हाताऱ्यानं कुठून तरी घाणेरडं तेल भरलं असणार," शेठ म्हणाला.

इथं आनंदानं खरं बोलायचं होतं. "बघा आता," एवढंच पुटपुटून त्यानं फोन ठेवला आणि स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली. एका दिवसात दोनदा त्या माणसाला बुडवला! हात न धुताच त्यानं बाइकला किक मारली आणि नेऱ्याची वाट धरली.

काका अंगणात बसले होते. याला बघून तेच आधी उठले.

"ये रे आनंदा. तुझं खरं हाय. मी सारखा आठवतोय, तेल बघितलं का नाय बघितलं. रोज बघतो, पण एखादे दिवशी राहिलं असंल. वय झालं. आता नाय धरायची गाडी, तुझ्या काकीला, चंद्रावतीला पण सांगितलं तसं."

आनंदाला वाटलं, यापेक्षा म्हाताऱ्यानं कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. ज्याची चूक नव्हती तो माणूस बसून चूक शोधत होता, कारण आनंदा मेस्तरीचा कान खोटं सांगत नाही!

"काका, तुमची चूक नाय." त्यानं सगळं सांगितलं. सिलिकॉन, जाळी, शेठचा फोन, त्यावर आपण गिळलेलं खरं. सांगून वाकला आणि पाय धरायला गेला.

काकांनी पाय मागं घेतले.

"आनंदा, माझी अब्रू घेतलीस चार माणसांत," ते म्हणाले, "आणि द्यायला आलास माझ्या अंगणात? इथं कोण हाय, मी आणि ही कोंबडी."

आनंदानं तेलकट हात पँटला पुसले.

"चावीचं शेठ बघेल. माझं नाव तू घालवलंस, ते तू दे." काकांनी सदरा चढवला आणि बाइकच्या मागं येऊन बसले.

संध्याकाळी टपरीवर सकाळपेक्षा जास्त गर्दी होती. शेठलाही फोन करून बोलावलं होतं, तोही चहा घेत उभा होता. काका बाकावर जाऊन बसले. आनंदा मधोमध उभा राहिला. हजार इंजिनं ऐकलेला माणूस, पण आता त्याला स्वतःच्या छातीखेरीज काही ऐकू येईना.

"सकाळी मी जे बोललो," त्यानं खाली बघत सुरुवात केली, "ते... चूक माझी होती. सिलिकॉन मीच..."

"मोठ्यानं बोल," काका बाकावरून म्हणाले. "मागच्यांना ऐकू येत नाय."