कमानीखालून नऊ वेळा

टोलनाक्याच्या खिडकीत मी अठ्ठावीस वर्षं काढली. हे मी कुणी न विचारताही सांगतो. परदेशात लेकीच्या घरी उतरलो त्या दिवशी जावयालाही सांगितलं. त्याला ते लग्न ठरल्यापासूनच माहीत होतं, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी तिकडे गेलो ते काही देश बघायला नाही. लेक जिन्यावरून पडली आणि तिच्या घोट्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली, आणि पुढचे तीन महिने आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. जावयाच्या रजा संपल्या होत्या. टॅक्सी परवडण्यासारखी नव्हती. "मी येतो. मला गाडी येते," मी फोनवर म्हणालो. मागून बायकोचा आवाज आला, "गाडी येते, पण कुणाचं ऐकून घेणं येत नाही." तिच्या गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपणार नव्हता. मी एकटाच परदेशात चालणारा परवाना काढून विमानात बसलो.

जावई एका कारखान्यात सुटे भाग मोजून तपासतो. घरीही तो तेच करतो. मला त्याने चार दिवस मोजलं आणि म्हणाला, "बाबा, शनिवारी आधी एकटे जाऊन या. दवाखान्यापर्यंत आणि परत. नीट जमलं तर मंगळवारपासून किल्ली तुमच्याकडे. नाही जमलं तर मी बिनपगारी रजा काढतो."

म्हणजे माझी परीक्षा होती. नापास झालो तर तीन महिने सोफ्यावर पाहुणा म्हणून बसायचं. लेक कुबड्या घेऊन चहा करतेय आणि बाप टीव्हीवर न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या बघतोय, हे माझ्याच्याने झालं नसतं.

शनिवारी सकाळी जावयाने मला कागदावर रस्ता काढून दिला. कुठे वळायचं, कुठली लेन धरायची, चौकात आधी कुणी जायचं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आणि त्या रस्त्यावर टोल आहे. तर तिथे काय करायचं..."

"टोलचं तुम्ही मला सांगणार?" मी म्हणालो.

त्या बिचाऱ्याने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. माझं हे वाक्य चौकटीत घालून माझ्याच उशाशी टांगायला हवं.

जाताना सगळं छान झालं. लेन सुटली नाही, कुणी हॉर्न वाजवला नाही. मी शिट्टीसुद्धा वाजवत होतो. शेजारच्या सीटवर सुट्टे पैसे काढून ठेवले होते, कारण नाक्यावर आल्यावर खिसे चाचपणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग आलेला आहे. मग टोलची पाटी दिसली. मी वेग कमी केला, काच खाली केली. पुढे ना खिडकी, ना आडवा दांडा, ना माणूस. रस्त्यावर नुसती एक लोखंडी कमान, वर चार-पाच डबे बसवलेले, आणि तिच्याखालून सगळ्या गाड्या भरधाव निघून जात होत्या.

मी हादरलो. सगळा देश टोल बुडवत होता आणि त्यात आता मीही होतो.

एखादा शहाणा माणूस पुढे गेला असता. पण आमच्या नाक्यावर "पैसे मागच्या गाडीतले साहेब देतील" असं सांगून पळालेले शेकडो लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी काय काय म्हणत असे, ते इथे लिहिता येणार नाही. तेच शब्द मला ऐकू यायला लागले. मला वाटलं, आपली काहीतरी चूक झाली, खिडक्यांची लेन वेगळी असणार. पुढच्या फाट्यावरून मी बाहेर पडलो, वळलो आणि परत आलो. त्या बाजूनेही तीच कमान. पुन्हा वळलो. आता मी अगदी कडेच्या लेनमधून रांगत गेलो आणि खिडकीतून नोट धरलेला हात बाहेर काढला, म्हणजे आत कुणी बसलं असेल तर त्याला दिसावा. मागून हॉर्न सुरू झाले. एका ट्रकवाल्याने मला हातानेच काहीतरी सांगितलं. भाषा येत नसूनही मला ते नेमकं कळलं.

असं मी नऊ वेळा केलं. नऊ! दर वेळी वाटायचं, आता मात्र खिडकी सापडणार.

शेवटी थकून एका पेट्रोल पंपावर थांबलो. आतल्या काउंटरवरच्या बाईंसमोर नोट ठेवली आणि म्हणालो, "टोल." त्यांनी मान हलवली. मी पुन्हा म्हणालो, "टोल. पावती." हाताने पावती फाडल्याची खूणही केली, ती मला झोपेतही करता येते. बाईंनी माझ्या घामेजल्या तोंडाकडे बघितलं, एक कॉफी भरून दिली, सुट्टे परत केले आणि मशीनमधून निघालेला कागद माझ्या हातात ठेवला. कागद हाती आला तसा माझा जीव भांड्यात पडला. कॉफी पिऊन दवाखाना गाठला, बाहेरूनच बघितला आणि पुन्हा ती कमान नको म्हणून आतल्या रस्त्याने घरी आलो.

"दोन तास उशीर झाला," जावई घड्याळाकडे बघत म्हणाला.

"रस्ता नीट बघून घेतला," मी म्हणालो.

"आणि टोल?"

"पावती आहे," मी खिशावर थाप मारून म्हणालो. ती कशाची आहे, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या थापा पकडणारा माणूस असा एका वाक्यात पलीकडच्या बाजूला गेला.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी लेकीला दवाखान्यात नेऊन आणलं. ती शेजारी बसून लहानपणीच्या गोष्टी काढायची. शाळेला सुट्टी असली की ती नाक्यावर माझ्या खिडकीत स्टुलावर बसायची आणि पावत्या फाडून द्यायची. लोक त्या पावत्या दहा पावलांवर जाऊन फेकून देत, तेव्हा ती रडवेली व्हायची. तिच्याशी बोलता बोलता कमान कधी मागे पडायची ते कळायचं नाही. तिला वाटलं असणार, नवऱ्याने बाबांना सगळं समजावलंय. इतकं सुख मला निवृत्तीनंतर मिळालं नव्हतं.

शनिवारी पाकीट आलं. जावयाने जेवणाच्या टेबलावर ते उघडलं, आतले कागद मोजले, परत मोजले आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"टोलचं बिल आहे. कमानीवरचा कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल घरी येतं. पण हे बघा, एकाच शनिवारी नऊ फेऱ्या लावल्यात. यंत्र बिघडलंय."

"कदाचित तिथल्या माणसाची चूक असेल," लेक म्हणाली.

"कुणाचीही असो. सोमवारी तक्रारच करतो. एकाच कमानीखालून नऊ वेळा कोण जाईल? वेडा असेल तरच."

गप्प बसायचं, एवढंच मला करायचं होतं. जावई तक्रार करेल, ते लोक चौकशी करतील, कुठल्यातरी टेबलावरचा कुणीतरी माणूस बोलणी खाईल, आणि किल्ली माझ्याकडेच राहील. पण आमच्या नाक्यावरही बॅरियर बिघडला, मशीन अडलं, हिशेब चुकला की तक्रार खिडकीतल्या माणसावरच यायची. मी स्वतः तीन वेळा न केलेल्या चुकीसाठी वरिष्ठांसमोर मान खाली घालून उभा राहिलो आहे. तो कुणीतरी माणूस मला ओळखीचा वाटायला लागला.

"यंत्र बरोबर आहे. तो वेडा मी," मी म्हणालो.

मग सगळंच सांगितलं. खिडकी शोधत होतो हेही, आणि खिशातली पावती कॉफीची आहे हेही. ती काढून टेबलावर ठेवली. जावयाने ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी तपासली.

"एवढ्या पैशांत एकदा टॅक्सी झाली असती," तो हळूच म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी किल्ली खिशातून काढली आणि पावतीशेजारी ठेवली. कुणी मागायच्या आत आपणच दिलेली बरी. पण ठेवताना फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

लेक मात्र बिलासोबतचे फोटो बघत होती. गाडीचे नऊ फोटो. पहिले दोन साधे. तिसऱ्यापासून प्रत्येकात खिडकीतून बाहेर आलेला एक हात आणि हातात नोट. पाचव्यात हात ताठ. सातव्यात कोपरातून वाकलेला. नवव्यात पार खाली लोंबकळलेला, पण नोट सुटलेली नाही. ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले, आणि पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.

"अहो, आमच्या नाक्यावर एवढ्या मनापासून पैसे द्यायला कधीच कुणी आलं नव्हतं," ती नवऱ्याला म्हणाली.

जावयाने एकेक फोटो नीट बघितला. मग किल्ली उचलून मोजून-मापून माझ्यासमोर ठेवली. "मंगळवारी सव्वानऊला निघायचं," तो म्हणाला. "हात आत ठेवायचा. आणि बाबा, यापुढे मी सांगत असलो की शेवटपर्यंत ऐकायचं."

"ऐकतो," मी म्हणालो. हा शब्द मी बायकोलाही कधी दिला नव्हता.

मंगळवारी कमान जवळ आली तसा माझा उजवा हात शिवशिवायला लागला. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, नजर समोर ठेवली आणि सगळ्यांसारखा भरधाव खालून निघून गेलो. तरी मनात चोरटं वाटतच होतं. तेवढ्यात शेजारी कागद फाटल्याचा आवाज आला. लेकीने दवाखान्याच्या कागदाचा एक कोपरा सरळ रेषेत फाडला होता, आम्ही फाडायचो तसा, पट्टीशिवाय.

"घ्या, पावती," ती म्हणाली. "फेकू नका हं."

मी गाडी चालवत होतो, म्हणून तिनेच ती माझ्या शर्टाच्या खिशात सरकवली.