बाहीवरचा बर्फ

कापसाचा भाव पडला, दिग्रसची जिनिंग संक्रांतीआधीच थंडावली, तेव्हा तिथला कॉम्प्रेसरचा मेकॅनिक नौशाद उत्तराखंडला निघून गेला. दोन हिवाळे तिकडं काढून परतला, तो आईला घेऊन थेट नुजहतला मागणी घालायला.

मुलीचा बाप मोहिउद्दीन त्याच जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे गाडीवाले बावीस वर्षं पकडत आलेला. मूठ दाबायची, उघडायची. कापूस फुलला तर कोरडा, गोळा राहिला तर पाणी मारलेला. माल पाहण्याआधी तो कोणाचा चहा घेत नसे. आज देतही नव्हता. बायकोनं, आयशाबीनं, केलेला चहा पडद्यामागं निवत होता.

"काय काम करत होता म्हणला?"

"बर्फ बनवाचं, चाचा. पहाडावर लोक पायाले लांब पट्ट्या बांधून घसरतात. आभाळातून बर्फ पडला नाई तं आमी मशीननं पाडतो. पाणी आन् हवा, दोन्ही जोरात फेकाचं."

"पहाडावर बर्फ बनवत होता! उद्या म्हणशील, नदीत पाणी भरत होतो."

पडद्यामागं नुजहत हसली. मोहिउद्दीन हसला नाही. त्याच्या मते दोन वर्षं बाहेर राहिलेला माणूस एकतर जेलात असतो, नाहीतर दुसऱ्या संसारात.

"अवो, जावई पाहून राह्यले का कापसाची गाडी?" आयशाबी आतून म्हणाली.

"गाडीच. वरून सगळ्याच चांगल्या दिसतात." मग तो एकदम गोड झाला. तो गोड झाला की बाजारात गाडीवाले घाबरत. "मंग पाणी जेवढं जास्त सोडलं, तेवढा बर्फ जास्त, नाई बेटा? मालक खूश!"

पोरगा हो म्हणाला असता, तर तिथूनच उठवला असता.

"नाई चाचा. थंडी घटली का पाणी कमी करा लागते. मी आपली बाही पुढं धरतो. कण टणकन उडाले तं माल कोरडा. चिकटले तं पाणी जास्त झालं. मंग त्याचा दगड होते, लोकाईचे हातपाय मोडतात. मालक वाढव म्हणे, मी कमीच ठेवलं."

मोहिउद्दीनची मूठ गुडघ्यावर आपोआप मिटली, उघडली. बावीस वर्षांत पाणी कमी करणारा माणूस त्याच्यापुढं पहिल्यांदाच बसला होता.

"चाय गरम करा," तो म्हणाला. "आन् तारीख काढा."

चहा आला. नौशादनं पहिला घोट घेतला, तोच होणाऱ्या सासऱ्यानं हळूच विचारलं, "त्या मालकाचा फोन नंबर हाय का? नाई, सोयरीक पक्कीच हाय. पण एक डाव इचारतो."