काळी फरशी

टेकडीवरच्या त्या जुन्या चर्चला घुमटच नाही, हे गाईडकाका पाहुण्यांना सगळ्यात शेवटी सांगत. आधी नक्षीचे दगडी खांब, रंगीत काचा, वेदीमागचं सोनेरी लाकूडकाम दाखवायचं. मग मधल्या काळ्या फरशीवर उभं करून म्हणायचं, "आता वर बघा." वर उंचच उंच घुमट, त्याला पेलणारे खांब, झरोक्यांतून डोकावणारे देवदूत. लोक आ वासून बघत राहत. मग काका त्यांना हळूच बाजूला सरकवत, की खांब कलंडलेच! सगळं रंगकाम. खऱ्या घुमटाचं ओझं भिंतींना झेपणार नव्हतं, म्हणून कुणा पठ्ठ्यानं सपाट लाकडी छताला गिलावा करून त्यावर तो रंगवला होता. फक्त काळ्या फरशीवरूनच खरा वाटेल असा.

गेल्या वर्षापासून मात्र फरशीवरूनही काकांना डावीकडचा एक खांब वाकडा दिसू लागला. मोतीबिंदू, दुसरं काय! फादरना कळलं असतं तर त्यांनी गोड बोलून काकांना घरी बसवलं असतं, आणि घरी बसून काका काय भिंती बघणार होते? त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. फरशीच्या जरा उजवीकडून खांब सरळ दिसतो हे हेरून ते पाहुण्यांनाही तिथेच उभं करू लागले. हळूहळू ते 'जरा' वाढत गेलं. पाहुणे खूश होते.

आज गायनाचा कार्यक्रम होता. त्याच छताखाली गायकांच्या रांगा लागल्या होत्या आणि मधोमध काकांची लेक उभी होती. बाकं गच्च भरली होती. शेवटच्या पाहुण्या असलेल्या एका आजींना चर्च दाखवत काका कडेकडेनं गायकांसमोरच्या काळ्या फरशीपाशी आले होते.

"आजी, थोडं इकडे या."

"मला नका सरकवू. लग्नानंतर आम्ही दोघं ह्याच काळ्या फरशीवर उभे होतो." आजींनी वर पाहिलं. "अगंबाई, तो खांब वाकलाय हो!"

"चष्म्यामुळे वाटत असेल."

"चष्मा परवाच बदललाय. तुमच्या जागेवरून बघू?" त्या उजवीकडे सरकल्या. "इथून सरळ आहे की."

काकांनी पुन्हा वर पाहिलं. दोष त्यांच्या डोळ्यांचा असता, तर त्यांनी सरकवलेल्या प्रत्येकाला घुमट वाकडा दिसायला हवा होता. एवढी साधी गोष्ट वर्षभर डोक्यात आली नव्हती. डोळे ठणठणीत होते. छतच खाली आलं होतं.

ऑर्गनचा पहिला खर्जातला सूर घुमला आणि लेकीच्या खांद्यावर पिठासारखं काहीतरी भुरभुरलं.

"वर बघू नका!" काका ओरडले. "बाहेर चला सगळे!"

झालं, सगळ्यांनी माना वर केल्या. कुणी हसलं, फादरनी डोळे वटारले. वर पाहिलं नाही ते एकट्या लेकीनं. तिनं बापाचा चेहरा पाहिला, शेजारणीचा हात धरला आणि सरळ दाराकडे चालू लागली. तिच्यामागून गायक निघाले आणि गायकच चालले म्हटल्यावर लोकही उठले. काकांनी आजींना जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं.

अंगणात कुरकुर सुरू झाली. आत काहीच पडलं नव्हतं.

"काका, हा काय तमाशा?" फादर म्हणाले.

लेक जवळ आली. "बाबा, तुम्हाला कधीपासून दिसतंय हे?"

"वर्ष झालं. मला वाटलं, माझे डोळे गेले."

"महिनाभर तालमी चालल्या होत्या. मी रोज तिथेच उभी होते."

तेवढ्यात आतून लाकूड कडाडलं, जमीन हादरली आणि उघड्या दारातून पांढरी धूळ लोटासारखी बाहेर आली.

किंकाळ्या थांबल्यावर सगळे काकांभोवती जमले. कुणी हात धरले, कुणी पाया पडले, फादरना तर रडूच कोसळलं. देवासारखे धावलात, असं जो तो म्हणत होता. काका गर्दीच्या डोक्यांवरून लेकीला शोधत होते.

ती फाटकापाशी उभी होती. केसांतला गिलावा झटकत होती, आणि काकांनी हाक मारली तरी आली नाही.