तळ्याचं कूळ

बेटेगावात तळ्यात ओढायचं मोठं जाळं एकच, नवसीचं. तिच्या मेलेल्या आईने विणलेलं, नि घरची चूल त्याच्यावरच पेटायची. तेच जाळायचं म्हणून बुधा हटून बसला होता.

कारण त्याच्या तळ्यातले रोहू लाल फोड येऊन मरत होते. रोज सकाळी पांढरी पोटं वर. फोड आधी त्याच्या चुलतभावाच्या, मंगळ्याच्या तळ्यात आले होते, आणि नवसी दोन्हीकडे जाळं ओढायची. म्हणजे रोग जाळ्यातून आला, बुधाने ठरवून टाकलं. मंगळ्याने बोईसरवरून पावडर आणून टाकली नि त्याचे उरलेले मासे तगले. बुधाने तीच पावडर गोणीने ओतली. काडीचा फरक नाय. मग त्याने सगळा राग नवसीवर काढला. अवदसा म्हणाला, आईवरून बोलला. नवसीनेही त्याचं काही शिल्लक ठेवलं नाय.

गावाने एवढंच ठरवलं, की दोन्ही तळ्यांतले मासे तपासायला नेलेला मासळीचा डॉक्टर येईल, तो काय सांगतो ते बघू, मग जाळू.

डॉक्टर आला, चिंचेखाली बसला. म्हणाला, दोन्ही तळ्यांतल्या जंतूचं नाव एकच, दिसायलाही एका पोत्यातले तांदूळ. पण वाडवडलांकडून आत जे उतरतं ते निराळं. म्हणून एक पावडरीने मरतो, दुसरा ती पचवतो. नवसीच्या जिवात जीव आला. लोकांची तोंडं कोरीच बघून त्याने सोपा शब्द शोधला.

"थोडक्यात, कूळ वेगळं. बुधाभाऊ, तुमच्या तळ्यातलं कूळ बाहेरचं आहे. तुम्ही विकत आणलेल्या पिल्लांबरोबर आलं असणार. जाळ्याचा दोष नाही."

बुधा ताडकन उठला. त्या तळ्याच्या जमिनीला कूळ कोण, यावरून तो नि मंगळ्या पालघरच्या कचेरीत वर्षानुवर्षं भांडत होते. कूळ म्हटल्यावर पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाय.

"माझ्या तळ्याला बाहेरचं कूळ? मंगळ्याने पढवून आणलाय तुला."

डॉक्टर सांगत राहिला, मी जंतूंबद्दल बोलतोय. तेवढ्यात मागून चिंतू म्हणाला, "बुधा, जंतूंच्या नावावर सातबारा झाला रे."

सगळे खदखदून हसले. नवसीही हसली. ते हसू बुधाला झोंबलं. डॉक्टरला शिव्या घालत तो सरळ नवसीच्या कुडापाशी गेला, वाळत टाकलेल्या जाळ्यावर रॉकेल ओतलं नि काडी ओढली. नवसी धावली तर त्याच्या दोन्ही पोरांनी तिला धरून ठेवलं. आत्ताच हसलेले लोक जमिनीकडे बघत राहिले. डॉक्टर तेवढा मधे पडला, त्यालाही ढकललं.

पोरांनी सोडल्यावर नवसी रडली नाय. राखेतले जाळ्याच्या वजनाचे शिशाचे गोळे तिने काठीने उकरले, गरम गरमच फडक्यात बांधले.

"बुधाकाका, कूळ तूच हायस," ती म्हणाली. "आता मेलेले मासे पण तूच काढ."

संध्याकाळी तळ्यावरून वारा सुटला. बुधाने आधी नाकाला फडकं लावलं, मग शिव्या दिल्या.