चुकीच्या बाजूचा लायलॅक

मी लायलॅक बोलतोय. जांभळ्या तुऱ्यांचं झुडूप. ऑस्ट्रेलियातल्या बर्फाळ डोंगरात, टॉलबार गावातल्या शेवटच्या घराच्या पाठीमागे उभा आहे. इकडे ऊन बेताचंच येतं आणि माणसं तर येतच नाहीत.

मला आणलं क्लेमनं. लाकूड कापायच्या गिरणीतला माणूस. एका हाताची दोन बोटं गेलेली, पण हौस दांडगी. बायकोसाठी, मर्लसाठी, दर वर्षी खालच्या शहरातून एक फुलझाड आणायचा. बोगनवेल आणली, जास्वंद आणली. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, बर्फानं सगळ्यांचा निकाल लागला.

"आणलीस का पुन्हा शहरातली लाडूबाई?" मला बघून मर्लनं दारातूनच विचारलं.

"हे तसलं नाही गं. याला थंडीच लागते. थंडी नाही तर फूल नाही!"

क्लेमजवळ इंग्लंडहून आलेलं बागकामाचं जुनं पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं, ऊन हवं असेल तर झाड घराच्या दक्षिणेला लावा. पठ्ठ्यानं होकायंत्र काढून मला अगदी दक्षिणेला लावलं. कुंपणापलीकडची डल्सी पोट धरधरून हसली.

"अरे शहाण्या, आपल्याकडे सूर्य उत्तरेकडून जातो! बायकोचं झाड सावलीत पुरलंस की!"

क्लेम ओशाळला. "वसंतात हलवतो," म्हणाला. पण त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं त्याला नेलं.

मर्लनं मला कुणाला हलवू दिलं नाही. "चुकलं तर चुकलं. त्याच्या हातचं आहे."

तिची लेक नोलीन समुद्राकाठी राहायची. दर वर्षी येऊन तेच म्हणायची, "आई, एकटी कशाला कुडकुडतेस? चल माझ्याकडे."

"तुझ्या बाबाचं झाड एकदा फुलू दे. मग येते. शब्द देते."

सहा वर्षं मी नुसती पानं काढली. छपरावरून माझ्यावर बर्फ कोसळला की मर्ल केरसुणी घेऊन यायची, एकेक फांदी हलक्या हातानं मोकळी करायची. "काय रे आळशा, यंदा तरी?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग एकदा लक्षात आलं, मी फुललो की ही जाणार. त्या दिवसापासून मला माझ्याच कळ्यांची धास्ती वाटू लागली.

सातव्या वर्षी डल्सीचा उन्हातला लायलॅक सप्टेंबरातच कळ्यांनी भरला आणि ऑक्टोबरच्या कडक हिमानं काळा पडला. मी सावलीतला, उशिरा जागा झालो. नोव्हेंबरात माझ्या एका फांदीवर एकच तुरा उमलला.

"चुकून बरोबर लावलं की गं क्लेमनं!" डल्सी ओरडली.

मर्ल हसली, मग तिथेच पायरीवर बसून रडली.

"बुंध्याचा एक फुटवा घेऊन जा सोबत," डल्सी म्हणाली.

"तिकडे थंडी कुठाय? थंडी नाही तर फूल नाही."

शनिवारी नोलीनची गाडी आली. मर्लनं तुरा तोडला नाही. फांदीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "येते हं."

ती काही आली नाही. आता मी दर वर्षी फुलतो, चांगला भरून फुलतो. बर्फानं मोडलेल्या फांद्या मात्र तशाच लोंबत राहतात.

तुम्हीही अशा थंड डोंगरात बाग करणार असाल तर थंडी बघा, ऊन बघा, छपरावरचा बर्फ कुठे पडतो तेही बघा. फक्त झाडाच्या फुलण्यावर कुणाला शब्द देऊ नका. फुलणं आमच्या हातात नसतं हो. असतं, तर मी अजून नुसती पानंच काढली असती.